वर्कबेंचचा फळा: चिकटवायची घाई नको

घरच्या गॅरेजात सुतारकाम सुरू केलेल्यांची पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसते. रंधा, करवत, ड्रिल सगळं घेऊन झालेलं असतं आणि काम मात्र जुन्या टेबलावर चाललेलं असतं. टेबल हललं की रंधा नीट चालत नाही आणि नवशिक्याला वाटतं, आपलाच हात वाईट. पक्का वर्कबेंच, म्हणजे कामाचा बाक, आणि त्यावर पट्ट्या चिकटवून केलेला जाड, जड फळा हा यावरचा खरा उपाय आहे. या वेळी त्याबद्दलचेच प्रश्न घेतले आहेत.

५ फूट लांब, २ फूट रुंद बाक करायचा आहे. नवं सागवान परवडत नाही. रबरवुड चालेल का? लाकूड किती घेऊ? (पुणे)

आधी हिशेब. फळा ३ इंच जाड धरला तर तयार माप अडीच घनफूट होतं. पट्ट्या फाडताना आणि रंधा मारताना बरंच लाकूड जातं, म्हणून साडेतीन घनफूट घ्या. ४ × ४ इंचाचे पाय आणि आडवे दांडे यांना आणखी अडीच. एकूण ६ घनफूट.

रबरवुड चालतं, पण बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया झालेलंच घ्या. त्यात पिष्ट भरपूर असल्यामुळे कीड फार लवकर लागते आणि बाकाखाली पिठासारखा भुसा पडू लागतो. माझं मत विचाराल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा जुन्या बाजारात पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि चौकटी शोधा. ते सागवान कित्येक दशकं छपराखाली वाळलेलं असतं. तितकं शांत लाकूड नव्यात मिळणं कठीण. फक्त फाडायला देण्याआधी प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवा, आत मोडलेले खिळे असतात. जुना ऑइलपेंट असेल तर तो घासून उडवू नका, त्यात शिसं असू शकतं. रंगाचा थर फाडतानाच फळकुटाबरोबर काढून टाका, तोंडाला मास्क लावा.

पायांना सागवान हवंच असं नाही. बाभूळ मिळाली तर उत्तम. बैलगाडीच्या चाकांना चालणारं लाकूड बाकाच्या पायांना पुरून उरतं.

जुलैत लाकूड आणलं आहे. लगेच चिकटवू का? (चिपळूण)

थांबा. माझ्या पहिल्या बाकाचा फळा मी जुलैतच चिकटवला होता. सांध्यात नख शिरत नव्हतं, इतकं काम घट्ट बसलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये दोन्ही टोकांना सांधे उघडले, एका ठिकाणी तर पोस्टकार्ड आत जाईल एवढी फट पडली. दोष फेव्हिकॉलचा नव्हता. टोकांतून ओल लवकर उडते, त्यामुळे टोकं आधी आकसतात. मधला भाग तोवर फुगलेलाच असतो आणि सगळा ताण टोकांच्या सांध्यांवर येतो.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, हे कधीच थांबत नाही. म्हणूनच आयएस २८७ या भारतीय मानकात हवेतल्या आर्द्रतेप्रमाणे देशाचे चार विभाग पाडून, कुठे लाकूड किती सुकं असावं हे ठरवून दिलं आहे. कोकणातलं सुकं आणि सोलापूरचं सुकं एक नव्हे.

आता करायचं काय? पट्ट्या हव्या त्यापेक्षा थोड्या जाड फाडून घ्या. जमिनीपासून वर, दर दीड-दोन फुटांवर आडव्या काठ्या घालून रचा, म्हणजे चारही बाजूंनी वारा लागेल. टोकांना मेण किंवा रंग फासा. एक तुकडा खुणेसाठी वेगळा ठेवून दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि त्याच्यावरच लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तिथल्या हवेशी जुळलं. मात्र पावसाळ्यात ते ओल्या हवेशीच जुळेल, तेव्हा दिवाळी जाऊ द्या. संक्रांतीच्या आसपास चिकटवलं तर सर्वांत बरं: तेव्हाचं लाकूड पावसाळ्यातल्या फुगण्याच्या आणि उन्हाळ्यातल्या आकसण्याच्या साधारण मध्यावर असतं.

एवढं करूनही २ फूट रुंद फळा वर्षभरात तीन-चार मिलिमीटर सहज कमीजास्त होतो. म्हणून तो खालच्या चौकटीला चिकटवू नका. बोल्टची मधली भोकं नेमकी ठेवा, पुढची-मागची लांबट करा.

माझ्याकडे चारच क्लॅम्प आहेत. १६ पट्ट्या कशा दाबू? (नाशिक)

एकदम १६ दाबू नका, मीही दाबत नाही. चार-चार पट्ट्यांचे चार गठ्ठे करा, प्रत्येकाला पुन्हा रंधा मारून सरळ करा, मग ते एकमेकांना जोडा. फेव्हिकॉल लावून दहा मिनिटांच्या आत दाब आला पाहिजे, आणि चार पट्ट्यांत ते निवांत जमतं.

क्लॅम्प कमी पडले तर पाचर वापरा. एका भक्कम फळीवर दोन समांतर दांडे स्क्रूने बसवा, मध्ये गठ्ठा ठेवा आणि उरलेल्या फटीत जोडीजोडीने उलटसुलट पाचरी ठोका. दाब क्लॅम्पइतकाच येतो. खाली वर्तमानपत्र नको, प्लास्टिक अंथरा.

आधी फेव्हिकॉल न लावता सगळं एकदा बसवून बघा. सर्व पट्ट्यांची रेषा (लाकडाच्या धाग्यांचा कल) एकाच दिशेला ठेवा, नाहीतर शेवटी रंधा मारताना एक पट्टी गुळगुळीत होते आणि शेजारची उपटून निघते. सागवान तेलकट असतं, त्यामुळे रंधा मारल्याच दिवशी चिकटवा. सांध्याच्या सगळ्या लांबीत फेव्हिकॉलचे बारीक मणी फुटलेले दिसले की समजा, प्रमाण बरोबर आहे. पुढे २४ तास हात लावू नका.

इथे टू-बाय-फोर (घरबांधणीचे तयार लाकडी दांडे) स्वस्त मिळतात. त्यांचा फळा होईल का? (न्यू जर्सी)

होईल. नावाला २ × ४ असले तरी ते दीड बाय साडेतीन इंच भरतात आणि कडा गोल असतात. दोन्ही कडा फाडून ३ इंचावर आणा. १६ नगांत २ फूट रुंदी मिळते. शक्य असेल तर २ × १० किंवा २ × १२ घेऊन फाडा, त्यात गाठी कमी असतात. ‘एस-ड्राय’ शिक्का म्हणजे ओल १९ टक्क्यांपर्यंत. घरासाठी ती जास्तच आहे. दोन-तीन महिने गॅरेजात रचून ठेवा.

प्लायवुडचे थर चिकटवले तर? (कोल्हापूर)

जागा कमी असेल तर हाच मार्ग घ्या. १८ मिमीच्या ८ × ४ फुटी एका शीटचे ४ × २ फुटांचे बरोबर चार तुकडे होतात. एकावर एक चिकटवले की ७२ मिमी जाड, सुमारे ३५ किलोचा फळा तयार, ऋतूप्रमाणे हालणारही नाही. कडांना लाकडी पट्टी लावा.

वडील सुतार होते. आयुष्यभर जमिनीवर बसून, पायाने लाकूड धरून काम केलं. बाक खरंच लागतो का? (सातारा)

वडिलांची पद्धत कमी दर्जाची नव्हती. पायाची पकड हा त्यांचा शिकंजाच होता, आणि ती लहानपणापासून बसून कमावलेली असते. चाळिशीनंतर खुर्चीची सवय असलेल्या गुडघ्यांनी ती नव्याने शिकणं अवघड जातं, म्हणून आपल्याला बाक. त्यांची हत्यारं ठेवली असतील तर उंची त्यांच्याच रंध्याने ठरवा. चपला घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा आणि मनगटाच्या घडीपर्यंतचं माप घ्या. जुन्या लाकडी रंध्याची उंची बरीच असते, म्हणून त्या मापातून दोन इंच कमी करा. पाय मात्र पूर्ण मापाचेच कापा. आठवडाभर त्यावर काम करून बघा, आणि मगच खालून करवत लावा.