अणुवीज केंद्राजवळ राहताना: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न : आम्ही नवापूरला राहतो. गुजरातमधल्या काक्रापारच्या अणुवीज केंद्राचा माझ्या दोन वर्षांच्या मुलीला त्रास होईल का?

ताई, नवापूर ते काक्रापार सरळ रेषेत साधारण ४५ किलोमीटर. एवढ्या अंतरावर रोजच्या कामकाजातून धोका पोचतो, असा पुरावा नाही. पण तुमची भीती निराधार म्हणून मी उडवून लावणार नाही. जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केंद्रांपासून ५ किलोमीटरच्या आत, पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे ३७ रुग्ण आढळले. अपेक्षा १७ची होती. केंद्रांतून बाहेर पडणारा किरणोत्सर्ग मात्र एवढी वाढ घडवण्याइतका नव्हता. खरे कारण अजून उलगडलेले नाही. ब्रिटनमधल्या २०११च्या अहवालात अशी ठळक वाढ दिसली नाही. म्हणूनच काक्रापारच्या अगदी लगतच्या गावांत प्रत्येक आजारी मुलाची नोंद व्हायला हवी आणि ती लोकांना पाहता यायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

मूल फिकट दिसू लागले, ताप सारखा उलटू लागला, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठले, तर राहता कुठे हे न पाहता रक्ताची तपासणी करून घ्या.

प्रश्न : तापीच्या पाण्यातून काही येईल का? (शहादा)

नाही. तापी आपल्याकडून गुजरातेत जाते आणि काक्रापार उकाई धरणाच्याही खाली आहे, म्हणजे तिथले पाणी उलटे वर शहाद्याकडे येत नाही.

प्रश्न : २०१६ सारखी गळती पुन्हा झाली तर? आयोडीनच्या गोळ्या आणून ठेवू का?

११ मार्च २०१६ला काक्रापारच्या पहिल्या अणुभट्टीत जड पाणी (भट्टी थंड ठेवणारे खास पाणी) गळले, भट्टी बंद करावी लागली. गोळी फक्त थायरॉइडला किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवते, बाकी शरीराला नाही. प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यायची. मनाने घेतली तर थायरॉइडच बिघडू शकते. जखमेवर लावायचे आयोडीन तर चुकूनही पिऊ नका.

प्रश्न : आम्ही भुसावळचे. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेचे काय?

तुमच्यासाठी अणुभट्टीपेक्षा हाच प्रश्न मोठा आहे. कोळशाच्या राखेत युरेनियम, थोरियमचा अंश असतो, पण जास्त नुकसान बारीक धुळीने होते: दमा, जुनाट खोकला, हृदयविकार. वारा सुटला की राख उडते, तेव्हा लहान मुले आणि दम्याच्या रुग्णांना घरात ठेवा. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर फुफ्फुसांची तपासणी करून घ्या, आणि थुंकीची क्षयरोग तपासणीही चुकवू नका.