पायराइटचा (लोह-गंधकाचं खनिज) सल्फर आयसोटोप शून्याजवळ आला म्हणजे गंधक मॅग्मातलाच का? आणि आधी लेझर (अत्यल्प मूलद्रव्यं मोजायला) करावं की आयसोटोप?

नाही. आणि तेवढ्यावर रिपोर्ट लिहायला बसला असाल तर थांबा, आम्ही तेच केलं होतं.

सोन्याच्या प्रॉस्पेक्टचे ड्रिल कोअर होते, पायराइट बारीक ड्रिलने खरवडून पावडर लॅबला पाठवली, डेल्टा ३४ (प्रमाणित नमुन्यापेक्षा गंधक किती जड, दर हजारी) आला अधिक १ च्या आसपास. मँटलचा गंधक शून्याजवळ हे सगळ्यांना पाठ, गाइडने जागीच निकाल लावला, मॅग्मॅटिक! मी म्हटलं सर सेक्शन (मायक्रोस्कोपसाठी पॉलिश केलेला काप) एकदा नीट बघू या, तर म्हणे आकडा समोर असताना मायक्रोस्कोपात काय शोधणारेस. गप्प बसलो.

नंतर तोच तुकडा पॉलिश करून नायट्रिक आम्लाने एच केला (आतली रचना उघडी पडावी म्हणून कोरला) तर दाण्याच्या मधोमध फ्रॅम्बॉइड, तुतीच्या फळासारखे गोळे, आणि भोवती पट्ट्यापट्ट्यांची स्वच्छ कड. वर्षभराने सिम्सवर (आयनांच्या झोताने एकेका ठिपक्याचा आयसोटोप मोजणारं यंत्र) वेळ मिळाला, १५ मायक्रॉनचा स्पॉट. गाभा उणे २०, कड अधिक १५. शून्य कुठेच नाही, ते आमच्या ड्रिलने दोन्ही कालवून तयार केलेलं! गाभा बॅक्टेरियांचा, त्यांना हलका गंधक आवडतो. कडेचा गंधक मला समुद्राच्या सल्फेटचाच वाटतो (आजचं अधिक २१ आहे), फक्त तो उष्णतेने रिड्यूस झालेला, म्हणजे सल्फेटचं सल्फाइड. आर्सेनिक कडेत आणि सोनंही तिथेच. सरांना इमेज मेल केली, उत्तर एका शब्दाचं, 'इंटरेस्टिंग'. रिपोर्टात मॅग्मॅटिकच छापलं.

बरं, खरोखरचा शून्य आला तरी तो जुन्या अग्निज खडकातल्या सल्फाइडमधून धुऊन आलेला असू शकतो. उलट खनिज आणणारा द्रव ऑक्सिडाइज्ड असेल तर जड गंधक सल्फेटकडे जातो आणि मॅग्मातल्या गंधकाचा पायराइटही उणे दिसतो, भूरसायनशास्त्रज्ञ ओहमोटोने हे १९७२ मध्येच दाखवलंय, तरी लोक शून्य बघून नाचतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, आधी सेक्शन, एचिंग, बीएसई (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची इमेज), मग लेझर, मग त्याच झोनमध्ये आयसोटोप. कोबाल्ट-निकेलचं गुणोत्तर १ च्या वर म्हणजे हायड्रोथर्मल (गरम द्रवातून बनलेला) हा नियम ढोबळ आहे, त्यावर एकट्यावर विसंबू नका. हां, एकाच पिढीचा, झोनिंग (आतले पट्टे) नसलेला पायराइट असेल तर पावडर चालते, स्वस्तही पडते. पण एकाच पिढीचा आहे हे कळणार कशात, सेक्शनमध्येच ना सर?