स्पायरोगायराची फीत आणि हरवलेलं केंद्रक

प्रश्न : विहिरीतलं स्पायरोगायरा हे धाग्यांचं हिरवं शेवाळ बरणी भरून आणलं. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली मळसूत्री हिरवी फीत (हरितलवक) दिसलीच नाही, प्रत्येक पेशीत नुसता आकसलेला गोळा. केंद्रक तर कुणालाच सापडलं नाही. काय चुकलं?
– एक विज्ञान शिक्षिका

उत्तर : ‘बरणी भरून’ इथेच गोम आहे. रात्री हे शेवाळही ऑक्सिजन वापरतं. दाटीवाटीनं कोंबून वर झाकण घट्ट लावलं की गुदमरून मरतं. चिमूटभर धागे, लिटरभर त्याच विहिरीचं पाणी आणि सैल झाकण पुरे. बरणी उजेडात ठेवा, उन्हात नको. क्लोरीनचं नळपाणी घालू नका.

मिठाच्या पाण्यानंही गोळा होतो, पण तो रससंकोच. पेशीभित्तिका जागेवर राहते, आतलं सगळं तिच्यापासून सुटतं. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मीठ घालून थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडा, दुसऱ्या कडेनं टिपकागदानं ओढून घ्या. फार वेळ न दवडता तसंच साधं पाणी ओढलं तर जिवंत पेशी पुन्हा फुगते. मेलेली फुगत नाही. तुमच्या गोळ्यांची परीक्षा तीच.

केंद्रक पेशीच्या मधोमध, रिक्तिकेतून (पेशीतल्या रसाच्या पोकळीतून) गेलेल्या पेशीद्रव्याच्या तंतूंवर टांगलेलं असतं. फीत मात्र भित्तिकेलगत. बहुतेक जण फीत स्पष्ट दिसली की फोकस सोडतात आणि तिथेच फसतात. ४०च्या भिंगाखाली सूक्ष्म स्क्रू किंचित फिरवत फितीचे वरचे वेढे धूसर होऊ द्या, खालचे अजून उमटलेले नसतील, तिथे थांबा. डायाफ्राम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) थोडा बंद करा. एकदोन फितींचाच धागा निवडा. सात-आठ फिती असल्या तर केंद्रक झाकलंच जातं.

आयोडीन सगळ्यात शेवटी, कारण त्यानं पेशी मरते. फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ हवं. फितीवरच्या पायरिनॉइड नावाच्या ठिपक्यांभोवतीचा स्टार्च निळा-काळा होतो, केंद्रक पिवळसर तपकिरी. द्रावण कडक झालं तर सगळंच काळं.

प्रश्न : त्याच थेंबात हिरवे ठिपके पळत होते. ती स्पायरोगायराची पिल्लं का?

उत्तर : नाही. स्पायरोगायराला कशाभिका (पोहण्यासाठीचे चाबकासारखे तंतू) कधीच नसतात. दोन कशाभिका आणि पेल्यासारखं हरितलवक दिसलं तर क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय शेवाळ असण्याची शक्यता जास्त. कापसाचे चार तंतू थेंबात टाका, त्यांत अडकून वेग मंदावतो. कशाभिका मोजायच्या तर आयोडीनच.