स्कॅनचा अहवाल येण्याआधीच नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस (त्वचेखालच्या आवरणांतून वेगाने पसरून ऊतके मारणारा जंतुसंसर्ग) समजून शस्त्रक्रिया करणे घाईचे नाही का?

नाही. हाच वाद मी निवासी डॉक्टर असताना एका वरिष्ठ फिजिशियनांशी घातला होता आणि माझे मत आजही तेच आहे.

रुग्ण मधुमेही होता. पोटरीवर तळहाताएवढी लाली होती, वरवर पाहता साधा सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेचा नेहमीचा जंतुसंसर्ग, वाटावा अशी. पण पांघरुणाचा स्पर्शही त्याला सोसवत नव्हता, सूज लालीच्या कडा ओलांडून गुडघ्यापर्यंत चढली होती आणि दाबून पाहिल्यावर त्वचेखालचा भाग लाकडासारखा टणक लागत होता. नाडी जलद होती, रक्तदाब उतरत होता. एक्स-रेमध्ये जिवाणूंमुळे ऊतकांत साठणारा वायू दिसत नाही आणि रक्ततपासण्यांवरून काढलेला, या आजाराची शक्यता सांगणारा लरिनेक स्कोअर 6 पेक्षा, म्हणजे संशयाच्या मर्यादेपेक्षा, कमी आहे, तेव्हा सकाळी एमआरआय करू, असे वरिष्ठांचे म्हणणे होते. वायू नसला किंवा स्कोअर कमी आला म्हणून हा आजार नाकारता येत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. सुदैवाने आमच्या युनिटच्या सर्जननी रुग्णाला रात्रीच ऑपरेशन थिएटरमध्ये घेतले. सुमारे 2 सेंटिमीटरची चीर स्नायूंवरील आवरणापर्यंत नेली, तर रक्त जवळजवळ आलेच नाही. गढूळ, राखाडी द्रव बाहेर आला आणि एरवी घट्ट चिकटलेले थर नुसत्या बोटाने सुटत गेले. निदान तिथेच झाले.

या आजारात त्या भागातील रक्तवाहिन्यांत रक्त गोठते, त्यामुळे नुसती प्रतिजैविके मेलेल्या ऊतकांपर्यंत पोहोचतच नाहीत. मेरोपेनेम किंवा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, जोडीला व्हँकोमायसिन आणि जिवाणूंचे विष तयार होणे रोखण्यासाठी क्लिंडामायसिन, हे सारे लगेच सुरू करावेच. पण रक्त येणाऱ्या निरोगी कडेपर्यंत सर्व मृत भाग काढणे आणि 24 तासांच्या आत जखम पुन्हा थिएटरमध्ये उघडून पाहणे, याला पर्याय नाही. आमच्या रुग्णाला पुढे त्वचारोपण करावे लागले, पण पाय वाचला.

अर्थात बहुतेक लाल पाय साध्या सेल्युलायटिसचेच असतात. प्रत्येकाला चीर द्यावी, असे मी म्हणत नाही. मात्र त्वचा काळवंडत असताना दुखणे थांबले, तर ती सुधारणा मानू नये, कारण तेव्हा तिथल्या नसा मेलेल्या असू शकतात. रुग्ण स्थिर असेल आणि सीटी तत्काळ होणार असेल, तर जरूर करावा, पण तोवर थिएटरची तयारी थांबवू नये. रक्तदाब उतरत असलेल्या रुग्णाला एमआरआयसाठी सकाळपर्यंत ताटकळत ठेवणे याला मी सावधगिरी म्हणणार नाही.