मे महिन्यातलं पाणी मोजा, मग बाग आखा : वाचकांचे प्रश्न

सोलापूर, बीड, लातूर, अहिल्यानगर, सांगलीचा पूर्व भाग या पट्ट्यातून घराभोवतीच्या बागेविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. इथे वर्षाला साधारण ५०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान. पुढचे सात-आठ महिने जमीन कोरडीच. म्हणून सगळ्या उत्तरांचा पाया एकच आहे : ऑगस्टमधलं हिरवं अंगण डोळ्यांपुढे ठेवून आराखडा करू नका. मेमध्ये घरात किती पाणी उरतं ते आधी मोजा.

प्रश्न : सोलापुरात घरासमोर ५०० चौरस फूट जागा आहे. कार्पेट लॉन लावलं, पण उन्हाळ्यात त्यासाठी टँकर मागवावा लागतो. लॉन काढलं तर अंगण ओसाड दिसेल, असं घरच्यांना वाटतं. काय करावं?

आधी हिशेब पाहा. कडक उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायला चौरस मीटरला रोज निदान ५ लिटर पाणी लागतं. ५०० चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. रोजचे २३० लिटर, आठवड्याचे १,६०० लिटर. एवढ्या पाण्यात डोळ्यांना कितीतरी जास्त सुख देणारी बाग होते.

जागेचे पाण्याप्रमाणे तीन भाग करा. पहिला भाग व्हरांड्याला किंवा बसायच्या जागेला लागून, फार तर १०० चौरस फुटांचा. मोगरा, जुई, अबोली, गवती चहा, तुळस अशी रोज पाणी मागणारी झाडं फक्त इथेच. लॉनचा आग्रहच असेल तर त्याचा तुकडाही याच भागात, सावली पडेल अशा ठिकाणी. घरात बसल्यावर नजर इथेच जाते, त्यामुळे एवढी जागा हिरवी असली की सगळं अंगण ओलं वाटतं. पाणी दिवसाला ४५ लिटर, म्हणजे दोन-तीन बादल्या.

दुसऱ्या भागात आठवड्यातून दोनदा पाणी पुरणारी झुडपं : कोरांटी, अडुळसा, धायटी, देवचाफा, घंटीफुलांचा टिकोमा, कुंपणावर बोगनवेल. अशी दहा-बारा पुरेत. प्रत्येकाला एका वेळी ८ लिटर. तिसरा भाग कडेचा. तिथे तरवड, कोरफड, निर्गुंडी अशी झाडं, जी मूळ धरल्यावर (साधारण दोन वर्षांत) महिन्या-दीड महिन्याने पाणी मिळालं तरी तग धरतात. कण्हेरही याच गटातली, पण तिचे सगळे भाग विषारी असतात. लहान मुलं किंवा जनावरं जातात तिथे ती नको.

नैर्ऋत्येला किंवा पश्चिमेला, भिंतीपासून ८-१० फूट सोडून, एक बहावा लावा. अंगणातला हा सगळ्यात मोलाचा निर्णय. दुपारनंतरचं ऊन अडलं की सावलीतल्या झाडांची तहान कमी होते आणि घरही कमी तापतं. शिवाय बहावा फुलतो तो एप्रिल-मेमध्ये, बाकी सगळं करपलेलं असताना. पहिली दोन वर्षं त्याला आठवड्यातून दोनदा २० लिटर द्या. सगळं मिळून आठवड्याला साडेपाचशे लिटरच्या आसपास जातात, लॉनच्या जेमतेम एक तृतीयांश.

अंगण ओसाड दिसतं ते हिरवं कमी असल्यामुळे क्वचितच. झाडं एकेकटी, एकमेकांपासून सारख्या अंतरावर आणि उघड्या मातीत उभी असली की तसं दिसतं. एका जातीची तीन किंवा पाच झुडपं जवळजवळ लावा, मागे उंच, पुढे बुटकी. मधल्या वाटेला शहाबादी फरशीचे तुकडे दोन-तीन इंचांच्या फटी ठेवून बसवा आणि फटींत मुरूम भरा. पाऊस फटींतून मुरतो, वाट नीटनेटकी दिसते. उरलेल्या मातीवर तीन-चार इंच जाडीचं आच्छादन हवंच : पालापाचोळा, उसाचं पाचट, भुईमुगाची टरफलं, जे जवळ मिळेल ते. खोडाभोवती चार इंच जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते.

जुनं लॉन हरळीच्या जातीचं असेल तर नुसतं वरून खरवडून चालत नाही. एप्रिल-मेमध्ये आठ-नऊ इंच खणून काश्या (जमिनीखालची गाठाळ खोडं) वेचून काढा आणि ढेकळं उन्हात तापू द्या. एक काशी राहिली तरी पावसाळ्यात नव्या वाफ्यात पसरते. साधी गावठी हरळी असेल आणि मुलांना खेळायला जागा हवी असेल, तर ती राहू द्यायलाही हरकत नाही. उन्हाळ्यात ती वाळून पिवळी पडते, मरत नाही. पहिल्या पावसानंतर पुन्हा हिरवी होते. दोन-तीन महिने पिवळं अंगण चालणार असेल तर पाणी शून्य.

प्रश्न : माजलगावजवळ काळ्या जमिनीत घर आहे. रोपं पावसाळ्यात जोमात येतात, पण काही ऑगस्टमध्येच मरतात आणि बाकीची मार्च-एप्रिलमध्ये. खड्ड्यात शेणखत, वाळू, सगळं भरपूर घालतो.

खड्डा फार चांगला भरला जातोय, त्रास तिथेच आहे. भोवती चिकण काळी माती आणि मध्ये वाळू-शेणखताचं भुसभुशीत मिश्रण, अशा वेळी खड्ड्याचा हौद होतो. पावसाचं पाणी त्यात उतरतं, बाजूच्या मातीत मुरत नाही आणि मुळं कुजतात. ऑगस्टमधली मर ही. जी रोपं वाचतात त्यांची मुळं मऊ खड्ड्यातच घुटमळतात. पुढे काळी माती आकसून भेगाळते, बारीक मुळं तुटतात, हवा आत जाते, आणि वरून पाणी दिलं तरी ते भेगांतून खाली निघून जातं.

म्हणून दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. निघालेलीच माती तीन भाग आणि मुरलेलं शेणखत एक भाग असं भरा. वाळू नको. खड्ड्याच्या बाजू फावड्याने गुळगुळीत झाल्या असतील तर टिकावाने खरबडून घ्या. रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा सहा इंच उंच बसेल असा उंचवटा करा. पिशवी पूर्ण काढा, आणि गोल फिरलेली मुळं दिसली तर धारदार सुरीने दोन-तीन उभे काप द्या. लागवड जूनअखेर ते जुलै, दोन चांगले पाऊस झाल्यावर. रोप दोन-तीन फुटांचंच निवडा. आठ फुटांचं महागडं झाड पहिल्या दिवशी छान दिसतं, पण तेवढ्या पानांना पाणी पुरवणारी मुळं पिशवीत नसतात.

ऑक्टोबर संपायच्या आत, माती ओली असतानाच आच्छादन घाला. भेगा पडल्यावर घातलेल्या आच्छादनाचा उपयोग अर्धाच. पडलेल्या भेगा आधी चाळलेल्या कोरड्या मातीने बुजवा. पाणी किती उतरलं हे कळायला लोखंडी सळई वापरा : पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी ती फूटभर सहज आत गेली पाहिजे. चार इंचांवर अडली तर पाणी वरच्यावर राहतंय. तेव्हा फेऱ्या कमी करा, पण प्रत्येक वेळी जास्त पाणी सावकाश सोडा.

तुमच्याच भागात मुरमाड जमीन असणाऱ्यांसाठी : तिथे उलट त्रास असतो, पाणी थांबतच नाही. खड्डा तीन फुटांचा घ्या आणि तिसरा हिस्सा तळ्यातला गाळ मिसळा.

प्रश्न : सहा फुटी स्टँडवर ५०० लिटरची टाकी ठेवून ठिबक केलं आहे. जवळच्या झाडांना पाणी मिळतं, शेवटच्यांना नाही. ड्रिपरही सारखे तुंबतात. पाणी बोअरचं आहे. (कर्जत, जि. अहिल्यानगर)

दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. तुमची उंची दोन मीटरच्या आत, म्हणजे दाब ०.२ बारपेक्षाही कमी. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग प्रकारचे, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे ड्रिपर एवढ्या दाबाला नीट चालत नाहीत. साधे, उघडता येणारे ड्रिपर घ्या. तासाला ४ लिटर असं लिहिलेला साधा ड्रिपर या उंचीवर २ लिटरही जेमतेम देतो, म्हणून वेळ दुप्पट धरा. खरा आकडा मोजून घ्या : ड्रिपरखाली १५ मिनिटं भांडं ठेवा आणि आलेलं पाणी चौपट करा. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरचं पाणी तुलना करून पाहा. मोठा फरक असेल तर लाइन फार लांब आहे. १६ मिलिमीटरची एकच लांब नळी नेण्यापेक्षा टाकीपासूनच दोन शाखा काढा, किंवा नळीचं शेवटचं टोक पुन्हा सुरुवातीला जोडून कडं करा. दोन्हीकडून पाणी आलं की शेवटची झाडं उपाशी राहत नाहीत.

जाळीचा फिल्टर एक इंची नळीच्या मापाचा घ्या, पाऊण इंची नको, कारण कमी दाबात फिल्टरच अडथळा होतो. जाळी आठवड्याला धुवा. टाकी काळी हवी. पांढुरक्या टाकीत ऊन शिरतं आणि शेवाळ धरतं.

बोअरच्या क्षारांचं तुंबणं निराळं. पाणी बंद झाल्यावर ड्रिपरच्या तोंडाशी राहिलेला थेंब उन्हात आटतो आणि क्षार तिथेच बसतो. नळी आच्छादनाखाली घ्या, हे बरंच कमी होतं. तुंबलेले ड्रिपर उघडून रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवा आणि ब्रशने घासा. सुई घालू नका, छिद्र मोठं झालं की त्या झाडाला जास्त आणि बाकीच्यांना कमी पाणी जातं. दर पंधरवड्याला नळीचं शेवटचं बूच काढून मिनिटभर पाणी वाहू द्या.

टायमर घ्यायचा असेल तर बॉल व्हॉल्व्हचा घ्या. सोलेनॉइडचे (विजेच्या चुंबकाने व्हॉल्व्ह उघडणारे) बहुतेक टायमर उघड-बंद व्हायला दाब मागतात, तुमच्या टाकीवर ते अडकतील. आणि झाड वाढेल तसे ड्रिपर खोडापासून बाहेर, पानांच्या घेराच्या कडेला सरकवत न्या. पाणी शोषणारी मुळं तिथे असतात.

प्रश्न : लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हापासून आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी बागेला देतो. आता मातीवर पांढरा थर येतो, पानांच्या कडा करपतात, मोगरा पिवळा पडला आहे.

पाणी वापरणं योग्यच आहे, कपड्यांच्या पहिल्या धुण्याचं पाणी मात्र थांबवा. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार भरपूर असतात. काळ्या मातीत सोडियम साठला की तिचे कण सुटे होतात, वर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही. आंघोळीचं पाणी आणि मशीनमधलं शेवटचं खळबळलेलं पाणी एवढंच घ्या. चार माणसांच्या आंघोळीचं ८० ते १०० लिटर मिळतं, तेवढ्यात पहिल्या उत्तरातला रोज पाण्याचा भाग (मोगरा सोडून) आणि दोन-तीन झुडपं निघतात. लंगोटांचं आणि स्वयंपाकघरातल्या तेलकट भांड्यांचं पाणी नको.

गाळणीला २०० लिटरचा पिंप पुरतो. तळाशी तोटी, त्यावर सहा इंच मोठी खडी, मग सहा इंच बारीक खडी, वर फूटभर धुतलेली जाड वाळू, आणि तोंडाशी केस व फेस अडवायला जाळी. महिन्यातून एकदा वाळूचा वरचा इंचभर थर काढून धुऊन घ्या. हे पाणी २४ तासांपेक्षा जास्त साठवू नका, सडतं. मातीत सोडा, पानांवर नको. पालेभाज्या, मुळा, गाजर यांना अजिबात नाही. कर्दळ, केळ, नारळ यांना ते चालतं. मोगरा आणि गुलाब त्रासतात, त्यांना चांगलं पाणी द्या.

बिघडलेल्या मातीसाठी पावसाळ्याच्या तोंडावर चौरस मीटरला अर्धा किलो जिप्सम वरच्या चार इंचांत मिसळा. पावसाचं पाणी क्षार खाली नेईल, मात्र वाफ्यातून पाणी निचरून जायला वाट हवी. मोगऱ्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत मातीत घातलेलं हिराकस (फेरस सल्फेट) लगेच अडकून बसतं. लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड असं पाणी करून संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा.

प्रश्न : झेरिस्केप म्हणजे कॅक्टस आणि पांढरी खडी का?

नाही. झेरिस्केप म्हणजे कमी पाण्यात बाग करण्याची पद्धत. हा शब्द १९८१ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा विभागात रूढ झाला, आणि त्यात आराखडा, माती, योग्य झाडं, आच्छादन, नेमकं पाणी असं सगळं येतं. आपल्याकडे त्यातली फक्त खडी उचलली गेली. उन्हाच्या बाजूला पसरलेली खडी दिवसभर तापते आणि संध्याकाळी भिंतीला आणि झाडांना भाजते. खडी वाटेला आणि पाणी वाहून जाण्याच्या चरात ठीक, झाडांच्या बुडाशी नको.

प्रश्न : कुंपणाला कोनोकार्पस लावावा का? नर्सरीवाले लवकर वाढतो म्हणतात.

लावू नका. त्याची मुळं पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या नळ्यांत शिरतात, परागांचा श्वसनाला त्रास होतो, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मेंदी लावा. दीड फुटावर, दोन ओळींत, नागमोडी. पहिल्या वर्षी दोनदा फूटभर छाटली की बुडापासून दाट होते. मध्ये मध्ये अडुळसा आणि कोरांटी घातली तर फुलंही मिळतात.

प्रश्न : गच्चीचं पावसाचं पाणी गटारात जातं. टाकी बांधायला पैसे नाहीत. बागेतच मुरवता येईल का? (जत, जि. सांगली)

येईल, आणि बागेसाठी तेच उत्तम. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस झाला तर गळती-बाष्प वजा जाता १,८०० लिटरहून जास्त पाणी मिळतं. पन्हाळीच्या नळीपासून खडीचा उथळ चर काढून घराच्या पायापासून निदान १० फूट दूर न्या. काळ्या जमिनीत हे अंतर कमी करू नका, फुगणारी माती पाया हलवते. तिथे सहा ते आठ इंच खोल, १०० चौरस फुटांचा बशीसारखा खोलगट वाफा करा. काढलेल्या मातीचा उताराच्या बाजूला बांध घाला आणि धुमसाने ठोका.

आधी चाचणी घ्या. फूटभर खड्डा पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी २४ तासांत जिरलं तर जागा योग्य. नाहीतर वाफा उथळ आणि जास्त पसरट करा, साचलेल्या पाण्यात डास होतात. मध्यभागी वाळा आणि कर्दळ, कडेला अडुळसा आणि निर्गुंडी, बांधाबाहेर सीताफळ. सीताफळाला साचलेलं पाणी सोसत नाही, पण बांधापलीकडची ओल त्याला दिवाळीपर्यंत पुरते. जास्तीच्या पाण्यासाठी बांधात एका जागी फूटभर रुंद सांडवा ठेवा, तिथे दगड बसवा आणि त्याचं तोंड शेजाऱ्याच्या भिंतीकडे नाही हे बघा. पहिल्या पावसाचं गच्चीवरची धूळ आणि पाखरांची विष्ठा घेऊन येणारं पाणी साठवायच्या टाकीत चालत नाही, वाफ्यात मात्र बिनधास्त जाऊ द्या.