पॉलिशनंतर उमटलेल्या रेषा आणि ३४,००० रुपयांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून घेऊन दिलेली गडद निळी गाडी आता पाच वर्षांची झाली असून, दोन महिन्यांपूर्वी ४,५०० रुपये देऊन तिला मशीनने पॉलिश करून घेतल्यापासून उन्हात बॉनेटवर आणि दारांवर बारीक गोलाकार रेषांचे जाळे दिसू लागले आहे, असे आपण लिहिले आहे. जुळे सोलापुरातील आपल्या घराजवळच्या एका डिटेलिंगवाल्याने, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई आणि चकाकी करून देणाऱ्याने, तीन टप्प्यांचे पेंट करेक्शन (रेषा मशीनने घासून काढणे) आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा संरक्षक लेप) मिळून ३४,००० रुपये सांगितले आहेत. ही रक्कम १,५०,००० रुपयांची मुदत ठेव मोडून द्यावी की क्रेडिट कार्डाच्या बारा हप्त्यांत, असा आपला प्रश्न आहे. माझे मत असे आहे की आपण यांपैकी काहीही करू नये, कारण आपल्या गाडीच्या दुखण्याला एवढा खर्च लागत नाही, आणि त्या ३४,००० रुपयांतला मोठा भाग ज्या कामासाठी आहे ते काम त्या रेषांना हातही लावत नाही.

आधी रेषा कशाच्या आहेत ते पाहू. गाडीच्या मूळ रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. बहुतेक गाड्यांवर त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी असते. आपल्याला दिसणाऱ्या रेषा या थरात आहेत, खालच्या रंगात नाहीत. प्रत्यक्षात त्या सगळ्या दिशांना गेलेल्या असतात, परंतु सूर्याचा प्रकाश ज्यांच्यावर आडवा पडतो तेवढ्याच चमकतात आणि म्हणून कोळ्याच्या जाळ्यासारखे वर्तुळ भासते. आपण असेही लिहिले आहे की आपण चालत पुढे गेलात की काही पट्टे आपल्याबरोबर सरकल्यासारखे वाटतात, आणि गाडी ताब्यात घेताना ट्यूबलाइटखाली ती निर्मळ दिसत होती, पण दोन वेळा धुतल्यावर हे सारे उघडे पडले. या दोन खुणांवरून कारण बऱ्यापैकी स्पष्ट होते. गोल फिरणाऱ्या रोटरी मशीनवर लोकरी पॅड आणि जाड कंपाउंड, म्हणजे थर घासून काढणारी खरखरीत पेस्ट, लावून काम केले गेले, त्यानंतर मऊ फोमच्या पॅडने आणि बारीक पॉलिशने करायचा शेवटचा हात वगळला गेला, आणि पॉलिशमधल्या तेलांनी व भरावाने त्या रेषा काही दिवस झाकल्या. म्हणजे काम अर्धे सोडले गेले आहे, आणि त्याचे पैसे आपण पूर्ण दिलेले आहेत.

म्हणून पहिले पाऊल खर्चाचे नाही. पावती आणि सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेली छायाचित्रे घेऊन त्याच गॅरेजकडे जावे व शेवटचा टप्पा विनामूल्य पूर्ण करून देण्याची लेखी मागणी करावी. मात्र हे काम गोल फिरता फिरता हलके डोलणाऱ्या, रंगाला सौम्य अशा डबल अ‍ॅक्शन मशीनने आणि मऊ पॅडनेच व्हावे असे स्पष्ट लिहावे, कारण त्याच लोकरी पॅडने पुन्हा घासले तर नुकसान वाढेल. त्यांनी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दोन वर्षांच्या आत जाता येते आणि एवढ्या लहान रकमेच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. ४,५०० रुपयांसाठी कोण खेटे घालणार, असे आपल्याला वाटेल, पण हे आपल्या कष्टाचे पैसे आहेत आणि मागणी रास्त आहे.

आता ३४,००० रुपयांच्या प्रस्तावाकडे येतो. आर्थिक सल्ल्याच्या माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर क्लिअर कोट ही मुद्दल आहे. रेष काढणे म्हणजे तिच्या भोवतीचा थर तिच्या तळापर्यंत खाली आणणे, त्यामुळे प्रत्येक पॉलिशमध्ये या मुदलातून काही ना काही जाते आणि गेलेले परत येत नाही. बारीक पॉलिशच्या एका हातात जेमतेम मायक्रॉनभर जाते, तर जाड कंपाउंडने सुरू होणाऱ्या तीन टप्प्यांच्या कामात कित्येक मायक्रॉन जाऊ शकतात. आपल्या गाडीवर एकदा जाड कंपाउंड फिरलेले आहेच. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या सोलापुरात अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारा हाच थर आहे. तो फार पातळ झाला की पांढरे चट्टे पडतात, पापुद्रे सुटतात, आणि मग पत्रा पुन्हा रंगवण्यावाचून मार्ग उरत नाही. ही गाडी आपल्याला अजून सात-आठ वर्षे ठेवायची आहे, त्यामुळे मुद्दल जपणे हा आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा हिशेब आहे.

सिरॅमिक कोटिंग वाईट नाही. त्यावर पाणी टिकत नाही आणि धूळ सहज निघते. परंतु ते रेषा काढत नाही, आणि रेषा न काढता लावले तर त्या त्याखाली तशाच राहतात. ‘नाइन एच’ हा जो कठीणपणा सांगितला जातो तो पेन्सिलने घेतलेल्या चाचणीचा आकडा असून, धुळीने भरलेल्या फडक्यापासून तो गाडीला वाचवत नाही. पुनर्विक्रीत किंमत वाढेल, हा त्यांचा मुद्दाही मला पटत नाही. जुनी गाडी घेणारा अपघात, इंजिन, किलोमीटर आणि कागदपत्रे पाहतो, आणि चकाकी तर व्यापारी स्वतःच एका दिवसात आणतो.

पैशांच्या बाजूने पाहता, आपला मासिक खर्च ४२,००० रुपये आहे, म्हणजे १,५०,००० रुपयांची ठेव साडेतीन महिन्यांचा आधार आहे. त्यातून ३४,००० काढले तर पावणेतीन महिन्यांचाच आधार उरतो, शिवाय मुदतीपूर्वी मोडल्याचा दंड वेगळा. मुलाची जूनमधली फी समोर असताना हे मला मान्य नाही. बारा हप्त्यांचा पर्याय दरमहा सुमारे २,८३३ रुपयांचा वाटतो, पण ‘विनाव्याज’ हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो, हे लक्षात घ्यावे. विम्यातून हे करून घ्यावे, या आपल्या मेहुण्यांच्या सूचनेला तर स्पष्ट नकार द्यावा. सदोष पॉलिश हा अपघात नाही, आणि खोट्या कारणाने दावा केला तर आपण पाच वर्षे दावा न करता मिळवलेली ५० टक्के नो क्लेम सवलतही जाईल.

जुन्या गॅरेजने काम सुधारून दिले नाही तर आपल्याला मिळालेला दुसरा प्रस्ताव, म्हणजे ६,५०० रुपयांत एका टप्प्याचे बारीक पॉलिश, मी योग्य मानतो. त्याआधी त्यांना रंगाची जाडी मोजून दाखवायला सांगावे आणि बॉनेटच्या दोन फूट भागावर नमुना करून घ्यावा. तो भाग अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने पुसून, तेल निघून गेल्यावर, उन्हात पाहावा. ऐंशी टक्के रेषा गेल्या तरी समाधान मानावे. उरलेल्या खोल रेषांच्या मागे लागणे म्हणजे मुद्दल खर्चणे. पैसे दोन महिन्यांच्या बचतीतून द्यावेत, रेषा तेवढ्यात वाढणार नाहीत.

त्या वाढतात त्या रोज सकाळच्या पुसण्याने. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे कोरड्या फडक्याने किंवा घरातल्या जुन्या टर्किश टॉवेलने धूळ पुसण्याची सवय घरोघरी आहे. सोलापूरचा टॉवेल अंग पुसायला उत्तमच, पण त्याच्या फासांत अडकलेली धूळ क्लिअर कोटवर सँडपेपरसारखी फिरते. त्याऐवजी बादलीभर पाण्यात होणारे, नंतर पाणी ओतून धुवावे न लागणारे रिन्सलेस वॉशचे द्रावण आणि सहा-आठ मायक्रोफायबर कापड घ्यावेत, दर वेळी कापडाची स्वच्छ बाजू वापरावी, आणि बोअरचे जड पाणी पत्र्यावर सुकू देऊ नये. गाडी पुसायला येणाऱ्या मुलालाही हे एकदा शेजारी उभे राहून दाखवावे, आणि त्याचे जुने फडके त्याच दिवशी बदलून द्यावे.