"स्पीकर कुठंय?"

मागच्या जूनमध्ये कोल्हापूरच्या राजारामपुरीतनं एक आई आली, पोरगं साडेपाच वर्षांचं, आणि बसायच्या आधीच तिनं टॅब पुढं केला. "मॅडम हे बघा, वाचायच्या ॲपमधल्या सगळ्या लेव्हल क्लिअर, आणि शाळेतल्या बाई म्हणतात ह्याला दोन अक्षरी शब्द पण वाचता येत नाही. कुणाचं खरं धरायचं? वर्षाची फी भरलीय हो." हा प्रश्न मला सारखा येतो म्हणून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

टॅब बाजूला ठेवून मी कागदावर मोठ्ठं 'कमळ' लिहिलं. पोरानं कागदाच्या कडेनं बोट फिरवलं आणि विचारतंय, "स्पीकर कुठंय?" आई हसली आणि मग गप्पच झाली. स्पीकर नाही रे, तूच वाच म्हटलं तर लगेच "कमळ!" मग मी क बोटानं झाकला, राहिलं 'मळ'. तर म्हणतंय, "अर्धं कमळ."

म्हणजे गडी अक्षरं बघतच नव्हता, अख्खा शब्दच चित्रासारखा पाठ. हुशारच की, पण ते वाचन नव्हे. त्यात आपली वेलांटी, 'कि' लिहिताना आधी आणि बोलताना नंतर, ही जोडणी पोरानं स्वतः करायची असते आणि ॲपमध्ये बटन दाबलं की शब्द आयता ऐकू येतो.

ॲप काढून टाका असं मी सांगत नाही. गुगलच्या रीड अलाँगसारखं, जिथं पोराला मोठ्यानं वाचावं लागतं, ते त्यातल्या त्यात बरं, पण शेजारी बसून. त्यांना म्हटलं 15 मिनिटं पुरे, आवाज बंद, आणि तोच शब्द पाटीवर घेऊन एकेक अक्षर बदला: मळ, नळ, नाळ, माळ. अडला तर लगेच सांगू नका, अक्षरावर नुसतं बोट ठेवा. वडलांचं दुकान, रात्री नऊला घरी, त्यांनी सकाळी किराणाची चिठ्ठी लिहायची, गूळ, डाळ, मीठ, पोरानं वाचायची. आणि घाबरू नका ताई, केंद्र सरकारच्या 2021 च्या निपुण भारत मोहिमेत सुद्धा समजून वाचायचं लक्ष्य तिसरीपर्यंतचं आहे, हा अजून पहिलीत पण नाही.

दीड महिन्यानं आईचा फोन. केएमटीच्या बसवरची पाटी पोरानं वाचली, गं, गा, वे, श, आपल्या कोल्हापुरातलं गंगावेश, आणि त्यातलं वेश म्हणजे काय ते तिला सांगता येईना. मी म्हटलं वेस, गावाचा दरवाजा. पलीकडनं पोराचा आवाज, "मग दरवाजा कुठंय?"